मॅग्नॉन-प्रकाश युग्मन

मॅग्नॉन-प्रकाश युग्मन : चुंबकीय पदार्थातील परिवलन-तरंगांचा पुंज, म्हणजे मॅग्नॉन, आणि विद्युत्-चुंबकीय प्रारणाचा पुंज, म्हणजे फोटॉन, यांच्यामधील ऊर्जेची देवघेव. लोहचुंबकात इलेक्ट्रॉनांची परिवलने एका दिशेस बद्ध असतात. त्यांतील एक ढळले, तर तो ढळ एका अणूपाशी न थांबता तरंगरूपाने स्फटिकभर पसरतो, ही कल्पना फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये मांडली.

एकट्या फोटॉनाचा एकट्या परिवलनावरील अंमल नसल्यात जमा असतो. तथापि असंख्य परिवलने एका तालात डोलू लागली, म्हणजे युग्मनाचे बळ त्यांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, आणि या शाखेची सारी इमारत त्या वर्गमूळावर उभी आहे. परिवलनांची दाटी मोठी आणि दोलनांचा ऱ्हास मंद, या दोन गुणांमुळे यिट्रियम-लोह गार्नेट या स्फटिकास येथे जवळजवळ मक्तेदारी लाभली आहे. त्याचे अतिसंवाहक अनुस्पंदकाशी प्रबळ युग्मन २०१३ मध्ये जर्मनीत आढळले. पुढील वर्षी टोकियो येथे अर्ध्या मिलिमीटर व्यासाची गार्नेटची गोळी तांब्याच्या सूक्ष्मतरंगी पोकळीत बसवून ती निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट थंड करण्यात आली. चुंबकीय क्षेत्र वाढवीत नेले, की मॅग्नॉनाची कंप्रता दर टेस्लामागे सुमारे २८ गिगाहर्ट्झ या हिशेबाने चढते. ती पोकळीच्या कंप्रतेस भिडण्याच्या बेतात असताना आलेखावरील मॅग्नॉन व पोकळी यांच्या कंप्रतांच्या रेषा परस्परांना छेदण्याऐवजी एकमेकींपासून दूर वळतात; हीच प्रबळ युग्मनाची खूण. या मापनात एका परिवलनाचे युग्मन हर्ट्झच्या शंभराव्या भागांत मोजावे इतके अल्प, तर संपूर्ण गोळीचे ४७ मेगाहर्ट्झ भरले. अशाच पोकळीच्या मध्यस्थीने २०१५ मध्ये मॅग्नॉन अतिसंवाहक क्यूबिटशी, म्हणजे पुंजसंगणकातील माहितीच्या एककाशी, जोडला गेला, आणि २०२० मध्ये तशा क्यूबिटने एकट्या मॅग्नॉनाची दखल घेतली.

हे सारे सूक्ष्मतरंगांचे झाले. अवरक्त प्रकाशाची कैफियत निराळी आहे. त्याचे चुंबकीय क्षेत्र इतक्या वेगाने आंदोलते की परिवलनांस त्याचा पाठलाग साधत नाही. म्हणून प्रकाश आपल्या विद्युत् क्षेत्राद्वारे, परिवलन आणि कक्षीय गती यांच्या परस्परसंबंधाच्या आडवाटेने, चुंबकापर्यंत पोहोचतो. मायकेल फॅराडे यांनी १८४५ मध्ये जड काचेत पाहिलेले ध्रुवणप्रतलाचे वलन याच घराण्यातले. येथे फोटॉन नाहीसा होत नाही. मॅग्नॉनाएवढी ऊर्जा देऊन अथवा घेऊन, कंप्रतेत किंचित बदल करून, तो बाहेर पडतो.

या मार्गाने क्यूबिटचा सूक्ष्मतरंगी संदेश प्रकाशात रूपांतरित करून तंतूमधून दूरवर धाडावा, ही आकांक्षा मोठी आहे. पण २०१६ च्या अशा एका प्रयोगात हजार कोटी फोटॉनांमागे जेमतेम एकाचे रूपांतर झाले, आणि इतक्या तुटपुंज्या मिळकतीवर कोणतेही पुंजजाल चालणार नाही. गोळीतील प्रकाश तिच्या कडेकडेने फिरतो, तर मॅग्नॉन सबंध घनफळ व्यापून असतो, त्यामुळे दोघांची गाठ थोडक्याच जागेत पडते. म्हणून पुढे गोळीऐवजी गार्नेटच्या पातळ पटलात अरुंद प्रकाशवाहक कोरून दोघांस एकत्र कोंडण्याची तजवीज सुरू झाली.