श्वानासह रानवाट

कुत्रा बरोबर घेऊन रानामाळांतून हिंडणें हें इंग्लंडांत आज साधें सुख वाटतें. परंतु त्या वाटेसाठीं माणसांनीं तुरुंगवास भोगला आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनीं तेथील कित्येक समाईक माळरानें कुंपणांत गेलीं आणि अनेक डोंगर जमीनदारांच्या पक्षिशिकारीसाठीं राखले गेले. २४ एप्रिल १९३२ रोजीं शेंकडों तरुण, त्यांत पुष्कळसे कामकरी, बंदी मोडून मँचेस्टरजवळील किंडर स्काउट पठाराकडे चढून गेले. राखणदारांशीं झटापट झाली व पांच जणांना कैद झाली.

१९४९ च्या कायद्यानें पाऊलवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली. २००० च्या कायद्यानें खुल्या माळांवर पायीं फिरण्याचा हक्क मिळाला. मात्र १ मार्च ते ३१ जुलै, म्हणजे भुईवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळांत, अशा माळांवर कुत्रा फार तर २ मीटर लांबीच्या दोरीनें धरावा लागतो. गुरेंमेंढरें जवळ असल्यास बाराही महिने.

पूर्वीं पक्ष्यांच्या नांवाखालीं माणसालाच मज्जाव होता. आतां मर्यादा आहे ती हातभर दोरीची. ती दोरी बेफिकिरीनें सोडणारा मनुष्य इतरांचीही वाट बंद करूं पाहणाऱ्यांच्या हातीं आयतेंच निमित्त देतो.