गोल कुणी फोडला?

पानिपताचा विषय निघाला की बडोद्याच्या नागरवाड्यातल्या ओट्यावरही दमाजीराव गायकवाडांचं नाव जरा हळूच घेतलं जातं. गायकवाडांच्या शहरात हे अवघडलेपण साहजिक आहे. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चालू असताना विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजीराव रांग सोडून धावले, आपल्याच तोफांच्या आड आले, तोफा-गारद्यांना धरून एकत्र सरकणारा फौजेचा गोल फुटला आणि 14 जानेवारी 1761 चा दिवस हातचा गेला, ही हकिकत शाळेपासून ऐकलेली. म्हणजे सेनापती भाऊसाहेबांची योजना बिनचूक, सरदार तेवढे बेशिस्त!

आधी पुरावा पाहू. शत्रू अब्दालीच्या पक्षातल्या शुजाउद्दौल्याच्या बाजूने लढाई पाहिलेला काशीराज आपल्या फारसी वृत्तान्तात दमाजीराव गारद्यांच्या पाठीशी लढून जखमी झाल्याचं सांगतो. शत्रूच्या गोटातल्या माणसाला त्यांची भलामण करायचं कारण काय?

पण समजा, धावलेही असतील. हुकूम पाळायचा होता कुणी? शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. घोडा पडला की चाकरीच गेली. छावणीत दाण्यावैरणीची टंचाई, जनावरं खंगलेली. अशा घोड्यावर बसून, अंगावर मारा घेत, पायदळाच्या चालीने सरकायचं, हे धावणीवर वाढलेल्या स्वाराला सांगितलं होतं. गारदी मात्र कवायती आणि रोख पगाराचे. या पगारासाठी धरलेल्या हट्टामुळे भाऊसाहेब आपल्यावर नाराज होते, याची आठवण इब्राहिमखानाने त्याच सकाळी त्यांना करून दिली, असं काशीराज लिहितो. लढाईच्या दिवशी सेनापतीला हे ऐकावं लागतं, तिथे शिस्तीचा प्रश्न एकट्या सरदारांचा राहत नाही.

आणि सेनापती जागेवर आहे, हे फौजेने ओळखायचं कशावरून? हत्तीवरून. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी दिसली आणि धीर सुटला. अब्दालीची मधली फळीही दुपारी ढासळत होती. त्याचे लोक पळतच होते. पण राखीव फौज आणि पळणाऱ्यांना हाकून परत आणणारे नसकची त्याने हाताशी ठेवले होते. माणूस घाबरणार, हे त्याच्या हिशेबात होतं.

माणूस घाबरणार, हे हिशेबात न धरणं फक्त हत्ती-घोड्यांच्या काळातलं दुखणं नव्हे. 3 जुलै 1988 रोजी अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं. 290 माणसं मेली. यंत्रातली नोंद बरोबर होती, विमान वर चढत होतं. पडद्यावर उंचीचा आकडा होता. ती वाढतेय की घटतेय, हे मात्र घाईत माणसानेच ताडायचं होतं, आणि ते खाली येतंय असं ओरडून सांगितलं गेलं.

शिस्त हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण पानिपतातून जखमी होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनी पुढे काय केलं, ते पाहा. 1784 मध्ये त्यांनी डी बॉयनला नोकरीत घेऊन कवायती पलटणी उभ्या केल्या आणि पुढे त्या कंपूच्या पगारासाठी दुआबातला मुलूख लावून दिला. पानिपतावर व्याख्यानं देणाऱ्यांनी दमाजीरावांवर ठपका ठेवण्याआधी हा बंदोबस्त तरी श्रोत्यांना सांगावा.