सिग्नलचा हात आणि हाजींची वाट

मराठीत 'खलाशी' म्हटले की डोळ्यांसमोर समुद्र येतो. रेल्वेत मात्र हाच शब्द कोरड्या जमिनीवर वापरला जाई. सिग्नल विभागातला खलाशी तारा ओढायचा, कप्प्यांना तेल घालायचा, खांबावर चढून दुरुस्तीला हात लावायचा. जहाजावरचा खलाशी आणि रुळांवरचा खलाशी यांच्यात शब्दाखेरीज आणखी एक नाते होते. हजला निघालेला माणूस घर सोडल्यावर आधी एकाच्या भरवशावर असे आणि नंतर दुसऱ्याच्या.

आम्ही नाशिककर समुद्रापासून दूर राहतो. इंदिरानगरातून नाशिक रोड स्टेशन जवळ आहे, बंदर नाही. तरीही उत्तर हिंदुस्थानातल्या लाखो हाजींची बंदराकडे जाणारी वाट आपल्याच जिल्ह्यातून गेली. आज त्या वाटेच्या खुणा दोन्ही टोकांना पुसल्या जात आहेत. इकडे हात हलवून गाडीला वाट देणारे सिग्नल गेले, तिकडे गोदीच्या आसपासच्या जुन्या वास्तू जात आहेत.

मोगल काळात हजचे बंदर सुरत होते. त्याला मक्केचा दरवाजा म्हणत. एकोणिसाव्या शतकात हा मान मुंबईकडे आला आणि त्यात रेल्वेचा वाटा मोठा होता. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. 1865 मध्ये थळ घाट ओलांडून रूळ इगतपुरीला आले. 1870 मध्ये हा मार्ग जबलपूर, अलाहाबादमार्गे कलकत्त्याशी जोडला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला होता आणि वाफेच्या जहाजांचा काळ सुरू झाला होता. बिहार किंवा अवधमधला शेतकरी आता भुसावळ, मनमाड, नाशिक, इगतपुरी करत मुंबईला पोहोचू शकत होता. 1886 मध्ये तर सरकारने हजच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या प्रसिद्ध प्रवासी कंपनीकडे सोपवली. काही वर्षे ती रेल्वे आणि जहाज या दोन्हींच्या तिकिटांची सोय पाहत होती.

या प्रवाशाला निरोप द्यायला स्टेशनावर सारा मोहल्ला लोटत असे. गळ्यात हार, हातात वळकटी. काही घरांत दंडाला इमाम-ए-जामिन बांधत, म्हणजे कापडाच्या पट्टीत शिवलेले नाणे. मग कुणीतरी म्हणे, "सिग्नल पडला!" आणि रडणे, गळाभेटी, दुआ यांना एकदम घाई होई. सिग्नल पडला म्हणजे खांबावरचा आडवा हात खाली झुकला, गाडीला वाट मिळाली. आजच्या पिढीला हे समजावून सांगावे लागते, कारण दिव्यांचा सिग्नल बदलतो, पडत नाही.

या हाताची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. 1790 च्या दशकात फ्रान्समध्ये क्लोद शाप याने टेकड्यांवर मनोरे उभारून लाकडी हातांच्या खुणांनी निरोप पाठवण्याची पद्धत बसवली. तिचाच धागा धरून 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये रेल्वेसाठी हाताचा सिग्नल आला आणि पुढे तोच आपल्याकडे आला. लाल हात, त्यावर पांढरा पट्टा. पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या हाताचे टोक माशाच्या शेपटीसारखे कापलेले. केबिनमधला माणूस लिव्हर ओढे, तिथून पोलादी तार कप्प्यांवरून शेकडो मीटर जाई आणि हात हले. संध्याकाळी लॅम्पमन शिडीने चढून रॉकेलचा दिवा ठेवे. हातासोबत हलणारी रंगीत काच त्या दिव्यापुढे येई. त्यातली 'हिरवी' काच खरे तर निळसर असे. रॉकेलची ज्योत पिवळी, म्हणून निळ्या काचेतून ती हिरवी दिसे.

या यंत्रणेत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. हात आडवा, म्हणजे 'थांबा', ही त्याची मूळ स्थिती. तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप आडवा होई. यंत्र बिघडले तर त्याने गाडी थांबवावी, सोडू नये, हा हिशेब. हे शहाणपण रक्त सांडून आले. जानेवारी 1876 मध्ये इंग्लंडमधल्या ॲबट्स रिप्टन येथे बर्फाने सिग्नलचे हात 'जा' या खुणेवरच गोठले. केबिनमध्ये लिव्हर परत फिरवला तरी हात वर गेला नाही आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर 'थांबा' हीच नेहमीची स्थिती ठेवण्याचा नियम पक्का होत गेला.

आपल्या घाटातही हाच विचार दिसतो. थळ घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट इतका तीव्र. उतरणारी गाडी ताबा सोडून धावली तर तिला चढावर नेऊन थांबवणाऱ्या खास बाजूच्या मार्गिका तिथे बांधल्या. सांधा एरवी त्या मार्गिकेकडेच लावलेला असे. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली की मगच सांधेवाला मुख्य मार्ग देई. भरल्या गाडीतल्या हाजींना हे ठाऊकही नसेल. त्यांनी 'तवक्कल' म्हणून जो भरवसा ठेवला, त्याच्या अलीकडचे काम हा अंधारात उभा असलेला माणूस करत होता. उंट आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपल्या सर्वांना माहीत आहे. घाटातला सांधेवाला ती शिकवण रोज जगत होता.

आता वाटेचे दुसरे टोक पाहू. मुंबईत उतरल्यावर जहाज मिळेपर्यंत दिवसेंदिवस थांबावे लागे. त्यासाठी धनिक मुस्लिम व्यापाऱ्यांनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यांतला सर्वांत परिचित. तिथून गोदीकडे जाताना रुळांवरचा कर्नाक पूल लागे. पुढे जहाज. 1877 मध्ये सुरू झालेली कंपनी, जी नंतर मोगल लाइन म्हणून ओळखली गेली, तिची जहाजे पिढ्यान्‌पिढ्या जिद्दाला जात राहिली. 1995 नंतर समुद्रमार्गे हज बंद झाली. सुमारे दीडशे वर्षांचा कर्नाक पूल धोकादायक ठरला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये पाडला गेला.

यावर नुसते हळहळणे मला पटत नाही. हाताचे सिग्नल गेले म्हणून प्रवास असुरक्षित झालेला नाही, उलट सुरक्षित झाला. मुंबईत व्हीटी ते भायखळा मार्गावर 1928 मध्येच स्वयंचलित रंगीत दिवे आले होते. जुन्या इमारतींचेही तसेच आहे. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. अशा घरात राहणाऱ्याला 'वारसा जपा' असे बाहेरच्या माणसाने सांगणे हा क्रूरपणा आहे.

मग जपायचे काय? व्हीटी स्थानकाची वास्तू 2004 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, हे योग्यच झाले. कमानी आणि घुमट जपायला तज्ज्ञ आहेत, निधी आहे. सिग्नलचे हातही काही ठिकाणी ताजा रंग देऊन बागेत उभे केले आहेत. पण त्या खांबाला तार नाही आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस नाही. रिकाम्या मुसाफिरखान्याचा दर्शनी भाग राखला तरी तिथे कोण कुठून आले, चूल कुठे पेटली, आजारी पडलेल्याला कोणी पाहिले, हे भिंती सांगणार नाहीत. वास्तू टिकवायला पैसा लागतो. हे टिकवायला वेळेवर विचारलेले प्रश्न लागतात.

आणि ती वेळ उतरणीला लागली आहे. 1995 मध्ये तिशीत असलेला हाजी आज साठीत आहे. जहाजाने हज केलेले बहुतेक त्याहून वृद्ध आहेत. नाशिक रोड, इगतपुरी, मनमाड या रेल्वेच्या गावांत निवृत्त केबिनमन, सांधेवाले, लॅम्पमन अजून भेटतात. सर्व धर्मांचे, सर्व जातींचे. त्यांच्या नोकरीचा इतिहास कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

आपल्या मशिदींत जुम्याला सारी पिढी एकत्र येते. नमाजनंतर एखाद्या बुजुर्गाजवळ बसा आणि मोबाइलवर आवाज टिपून घ्या. जहाजाचे नाव काय होते? मुंबईत किती दिवस थांबलात? सोबत काय शिधा नेला? रेल्वेवाला भेटला तर विचारा, पावसात तार ताणली जायची तेव्हा काय करायचात? दिवा विझला तर? रात्रपाळीला केबिनमध्ये सोबत कोण असे? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, गाव आणि साल घालून लिहून ठेवा. मदरशातली, शाळेतली मुले हे काम हौसेने करतील. पुढच्या जुम्यापासून सुरुवात करता येईल.