रोमला गेलेला दिवाडीचा विद्यार्थी

जळकोट परिसरातील एका कुटुंबात सायंप्रार्थनेसाठी गेलो होतो. घरातील थोरला मुलगा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. दोन विद्यापीठांमधील देवाणघेवाणीच्या योजनेतून त्याची निवड झाली असून सहा महिने तो इटलीतील विद्यापीठाच्या आवारातच राहून शिकणार आहे. सर्वांचे अभिनंदन करून मी निघालो, तोच त्याची आई हळूच म्हणाली, "फादर, जाईल, शिकंल, त्याची काळजी नाही. पण परत आल्यावर आपल्या पंगतीला बसंल का?"

तो प्रश्न मनात घोळत असता मला मातेउस दे कास्त्रो आठवले. त्यांच्या बाबतीत प्रश्न नेमका उलटा होता. शिकून आलेल्याला घरच्यांनी पंगतीला बसू दिले नाही!

कास्त्रो यांचा जन्म १५९४ च्या सुमारास गोव्यातील दिवाडी बेटावर, ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यात झाला. त्यांना धर्मगुरू व्हावयाचे होते. परंतु गोव्याच्या आर्चबिशपांनी गुरुदीक्षा नाकारली. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील ख्रिस्तसभेवर जो आश्रयाधिकार मिळालेला होता, त्याच्या छायेत एतद्देशीय तरुणाला वर चढू देण्यास फारसे कोणी राजी नव्हते. तरुण कास्त्रो खचला नाही. पोर्तुगीज जहाजांची वाट सोडून तो खुष्कीच्या मार्गाने, इराण व पवित्र भूमी ओलांडून, १६२५ मध्ये रोमला पोहोचला. आज आपण विमानाच्या तिकिटाचे दर पाहून कपाळाला हात लावतो!

रोममध्ये त्या वेळी नवे वारे वाहत होते. परमगुरू पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये श्रद्धाप्रसार मंडळ, म्हणजे प्रोपागांदा फिदे, स्थापन केले होते. त्याचे पहिले सचिव फ्रान्चेस्को इंगोली ह्यांचे ठाम मत होते की, ज्या देशाची ख्रिस्तसभा, त्या देशातूनच तिचे धर्मगुरू निपजले पाहिजेत. १६२६ मध्ये मंडळाचा बहुभाषी छापखाना सुरू झाला आणि १६२७ मध्ये परमगुरू आठवे अर्बन यांनी उर्बानो विद्यालय उघडले. हुआन विवेस नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने त्यासाठी आपला वाडा दिला. नाना देशांचे, नाना भाषांचे तरुण एका छपराखाली राहून तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकू लागले. सेमिनरीत वाढलेल्या आम्हांला ते जीवन परके वाटत नाही: तीच घंटा, तेच सामाईक भोजन आणि सुरुवातीला शेजाऱ्याचे बोलणे न कळणे. पुढे १६६० पासून विद्यार्थ्यांना शपथ घ्यावी लागे, ती अशी की आपण मिशनकार्यासाठी परत जाऊ आणि युरोपात असू तर दरवर्षी, बाहेर असू तर दर दोन वर्षांनी मंडळाला पत्राने आपली हकीकत कळवू. म्हणजे त्या माउलीची शंका रोमच्या वरिष्ठांनाही होतीच!

कास्त्रो यांना १६३० च्या सुमारास रोममध्ये गुरुदीक्षा मिळाली. ते गोव्याला परतले, तर तेथे त्यांच्या अधिकारपत्रांवरच संशय घेण्यात आला. ते पुन्हा रोमला गेले. १६३७ मध्ये त्यांना महागुरुदीक्षा देण्यात आली. लॅटिन परंपरेतील ते पहिले भारतीय महागुरू. कार्यक्षेत्र मिळाले विजापूरच्या आदिलशाहीचे. रोमच्या दप्तरात त्याचे नाव 'इदलखान', म्हणजे आपला आदिलखान. त्याच्या आदल्याच वर्षी, १६३६ मध्ये, उदगीर आणि औसा हे आपल्या भागातील किल्ले शहाजहानच्या फौजेने घेतले होते. दक्षिणेच्या सीमा अशा हलत असताना हा महागुरू आपल्या जन्मगावाजवळ आला आणि गोव्याच्या हद्दीबाहेर डिचोलीला मुक्काम करून राहिला. बेट जवळ, पण हद्द दुसऱ्याची.

त्यांना संत ठरविण्याचा माझा हेतू नाही. स्वभाव तापट, लेखणी तिखट. १६५३ मध्ये त्यांनी 'ब्राह्मणांचा आरसा' ह्या अर्थाच्या पोर्तुगीज शीर्षकाचे पत्र गोव्यातील ज्ञातिबांधवांना लिहिले. अन्यायाविरुद्धचा त्यांचा संताप खरा होता. पण शीर्षकातच एका जातीला हाक आहे. मराठवाड्यातील आमची कितीतरी कुटुंबे ज्या समाजांतून प्रभूकडे आली, त्यांना त्या आरशात आपले तोंड दिसत नाही. रोममध्ये नाना देशांचे तरुण एका पंगतीला जेवत. ती पंगत त्यांनी पाहिली होती, म्हणून हे अधिकच खटकते.

अखेरची वर्षे कास्त्रो यांनी रोममध्येच काढली. १६७७ मध्ये ते तेथेच वारले. त्यांच्यामागून रोममध्ये शिकलेले गोव्याचेच कुस्तोदियु दे पिन्हो विजापूरचे कार्य पाहू लागले, म्हणजे वाट बुजली नाही. त्याच वाटेने पुढच्या शतकात कांदोळीचा जुझे कुस्तोदियु फारिया पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर निघाला, रोममध्ये शिकून १७८० मध्ये धर्मगुरू झाला, संमोहनविद्येत नाव कमावून १८१९ मध्ये पॅरिसला वारला. तो गोव्याला परतलाच नाही.

हे सारे मी त्या घरी पुढच्या खेपेस सांगितले. आई बराच वेळ गप्प होती. मग मुलाला म्हणाली, "तू पत्र लिही रे, वर्षाला नाही, आठवड्याला." उर्बानो विद्यालय १९२६ मध्ये यानिकुलुम टेकडीवर हलले, मंडळाची जुनी इमारत मात्र स्पॅनिश चौकात उभी आहे. तीत बोरोमिनी ह्या वास्तुकाराने बांधलेले, पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांना वाहिलेले प्रार्थनालय आहे. रोमला जाणे जमले तर ते पाहून ये, एवढे मी मुलाला सांगून ठेवले आहे.