मणक्यातील विरळ सौम्य गाठींचे एमआरआय चित्रण

पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत किंवा त्याच्या आवरणात वाढणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठी ओळखण्याची तपासणी. सौम्य गाठ सहसा इतर अवयवांत पसरत नाही. पण कण्यातील पोकळी अरुंद असल्याने छोटी गाठही मज्जारज्जू दाबू शकते. त्यातून पायांतले बळ आणि लघवीवरचा ताबा जाऊ शकतो.

तत्त्व : प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांनी दिलेल्या संदेशांपासून प्रतिमा तयार होते, क्ष-किरण लागत नाहीत. अशा प्रतिमा मिळवण्याच्या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी-१ प्रतिमेत चरबी उजळ, तर टी-२ प्रतिमेत पाणी उजळ दिसते. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेत टोचल्यावर अनेक गाठी ठळक होतात.

निदान : गाठ आवरणाबाहेर, आवरणाच्या आत पण रज्जूबाहेर, की रज्जूतच आहे, हे आधी ठरवतात. मज्जातंतूच्या वेष्टनाची गाठ, श्वानोमा, मज्जातंतूच्या वाटेने मणक्याबाहेर येऊन डंबेलसारखी दिसू शकते. आवरणाची गाठ, मेनिंजिओमा, रुंद बुडाने आवरणाला चिकटलेली असते आणि छातीच्या भागात अधिक आढळते. हिमँजिओब्लास्टोमा या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या प्रकारात ठळक गाठीसोबत रज्जूत द्रवाची पोकळी व फुगलेल्या रक्तवाहिन्या दिसू शकतात. चरबीचा संदेश दाबल्यावर चरबीची गाठ, लायपोमा, काळी पडते. अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्ट या हाडातील रक्ताने भरलेल्या गाठीत साचलेल्या रक्ताचे थर दिसतात. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या हाडाच्या गाठीचे छोटे केंद्र मात्र सीटी स्कॅनवर अधिक स्पष्ट कळते. मणक्यातील रक्तवाहिन्यांची गाठ, हिमँजिओमा, बहुधा निरुपद्रवी असते.

भारतात मणक्याच्या क्षयाशी तुलना आवश्यक ठरते. क्षयात बहुधा लगतचे दोन मणके व त्यांमधली चकती बाधित होते, शेजारी पू साचतो. शंका राहिल्यास गाठीचा तुकडा तपासूनच निदान पक्के होते.

ग्रामीण संदर्भ : बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांच्यात पाठदुखी कष्टाची म्हणून अंगावर काढली जाते. रात्री वाढणारी वेदना, पायांत मुंग्या, चालताना अडखळणे किंवा लघवी अडणे ही लक्षणे असल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवून तपासणी करावी. दाब वेळीच काढल्यास गेलेले बळ परत येण्याची शक्यता वाढते.

खबरदारी : पेसमेकर, शरीरातील धातू, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भधारणा असल्यास तपासणीपूर्वी सांगणे आवश्यक आहे.