जे पुन्हा वाजवायचं नव्हतं, त्याच्या रेकॉर्ड कशासाठी?

पीएचडीचा विषय सांगितला की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला नोकरीचा, तो आज सोडून देऊ. दुसरा मात्र नेमका दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो: या संगीतात लिहिलेलं काही नसतं आणि एकदा वाजवलेलं पुन्हा वाजवत नाहीत, मग त्याचा इतिहास लिहिणार कशावरून?

आधी 'फ्री इम्प्रोव्हायझेशन' म्हणजे काय ते सांगते. उपज आपल्याला नवी नाही. गिटारवादक डेरेक बेली यांनी १९८० साली इम्प्रोव्हायझेशनवर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच भारतीय संगीतापासून केली. पण ख्यालात राग असतो, ताल असतो, समेवर यायचं असतं. इथे यातलं काहीच आधी ठरवत नाहीत. तिघं मंचावर येतात आणि वाजवायला लागतात, बस्स.

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण अशाच तिघांवर आहे. अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख (पियानो, जन्म १९३८), एव्हान पार्कर (सॅक्सोफोन, १९४४) आणि पॉल लोवेन्स (ड्रम, १९४९). दोघं जर्मन, पार्कर इंग्रज. १९७० च्या सुमाराला ही त्रयी जमली आणि चार दशकांहून जास्त काळ टिकली. दर हिवाळ्यात ते दौऱ्यावर निघायचे. या दौऱ्याला त्यांनी शूबर्टच्या गीतमालेवरून 'विंटररायझे', म्हणजे हिवाळी प्रवास, असं नाव दिलं होतं. फ्री वाजवणारे गट बरेचदा एका रात्रीपुरते जमतात. त्या मानाने हा जवळजवळ संसारच म्हणायचा.

आता गंमत बघा. हे संगीत त्या क्षणापुरतं असतं, असं या वर्तुळात सतत म्हटलं जायचं. आणि याच लोकांनी रेकॉर्ड कंपन्या काढल्या! बर्लिनची एफएमपी १९६९ मध्ये सुरू झाली, तिच्या संस्थापकांत श्लिपेनबाख होते. १९७० मध्ये पार्कर, बेली आणि टोनी ऑक्सली यांनी लंडनमध्ये इन्कस काढली. पुढे लोवेन्स यांनी पॉल लिटन यांच्याबरोबर पो टॉर्च चालवली, तर २००० नंतर पार्कर यांनी साय. म्हणजे त्रयीतला प्रत्येक जण कधी ना कधी रेकॉर्डच्या धंद्यात होताच. कारण अगदी व्यवहारी होतं. मोठ्या कंपन्यांना या संगीतात फारसा रस नव्हता आणि रेकॉर्ड असल्याशिवाय दुसऱ्या शहरातला आयोजक ओळखत नाही. शिवाय पश्चिम जर्मनीतली सार्वजनिक रेडिओ केंद्रं हे संगीत ध्वनिमुद्रित करत होती. त्या टेप अजून हाती लागतात म्हणून माझ्यासारख्यांचं पोट चालतं.

यावर सगळ्यात कडक आक्षेप कॉर्नेलियस कार्ड्यू यांचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: टेपवर उतरतो तो नुसता आवाज. ती खोली, ती वेळ, वाजवणाऱ्यांची एकमेकांकडे असलेली नजर टेपवर येत नाही, त्यामुळे असा दस्तऐवज जवळपास रिकामाच. मला हे अर्धंच पटतं. मायक्रोफोन कुठे ठेवला यावर केवढं तरी अवलंबून असतं हे खरंच आहे. लोवेन्स झांजेवर काहीतरी हलकंसं घासतात, ते रेकॉर्डवर कानाशी ऐकू येतं. शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला ते ऐकू आलं असेलच असं नाही.

पण कार्ड्यू बोलत होते ते एका टेपबद्दल. माझ्यासमोर त्याच तिघांच्या चाळीस वर्षांतल्या रेकॉर्ड आहेत, आणि तिथे प्रश्नच बदलतो.

१९७२ मध्ये वाजवलेली 'पाकिस्तानी पोमेड' घ्या. वेगवेगळे तुकडे, वाकडीतिकडी नावं. एकाच्या नावात तर 'टू सेकंड्स मंक' असाही शब्दप्रयोग आहे. (थेलोनियस मंक हे श्लिपेनबाख यांचं जन्माचं वेड. पुढे त्यांनी मंकच्या सगळ्या रचना तीन सीडींवर वाजवल्या.) पहिल्या तुकड्याचं नाव 'सन-लक: नाइट-रेन'. आता १९९० ची 'एल्फ बागाटेलेन' काढा. त्यात एक तुकडा आहे 'सन-लक: रिव्हिजिटेड'.

रिव्हिजिटेड? ज्याची मुळात रचनाच नाही, तिथे परत कसं जाणार? या क्षेत्रात नावं बहुधा वाजवून झाल्यावर दिली जातात, त्यामुळे एका नावावरून फार ताणायला नको. तरीही माझ्या मते हा कबुलीजबाबच आहे. तिघांनाही जुनं आठवत होतं, आणि आठवण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

बेली यांना नेमकी याचीच भीती होती. तेच तेच लोक एकत्र वाजवत राहिले की सवयी लागतात, सवयींची शैली होते आणि मग 'फ्री' उरतं कुठे? म्हणून त्यांनी १९७० च्या दशकात 'कंपनी' सुरू केली, म्हणजे दर वेळी वेगळ्या वादकांना एकत्र आणायचं. श्लिपेनबाख त्रयीने उलटी वाट धरली. रेकॉर्ड ओळीने ऐकल्या की सवयी मलाही ऐकू येतात. पण समोरच्याची सवय माहीत असल्यामुळे तिला बगल देणंही ऐकू येतं, आणि तसं काही नवख्या गटात मला सापडलेलं नाही. या वादात मी त्रयीच्या बाजूने आहे.

एक अडचण उरते, इतिहासकाराच्या जातीची. वाजवल्याची तारीख आणि बाहेर आल्याची तारीख यांत अंतर असतं. बासवादक पेटर कोवाल्ड यांच्यासह या तिघांनी १९७५ मध्ये रेडिओ ब्रेमेनसाठी केलेलं ध्वनिमुद्रण 'हंटिंग द स्नेक' म्हणून आलं २००० साली. १९७२ चं 'फर्स्ट रेकॉर्डिंग्ज' व्हिएन्नाच्या ट्रोस्टने काढलं २०१४ मध्ये. त्यामुळे १९८० चा समीक्षक जी त्रयी ऐकत होता ती आणि माझ्या हेडफोनमधली त्रयी एक नाही. प्रबंधात आता मी प्रत्येक रेकॉर्डपुढे दोन तारखा लिहिते. सध्या 'वॉर्सॉ कॉन्सर्ट'वर अडकले आहे: २०१५ ची मैफल, १९७२ सारखे तुकडे नाहीत, एकच लांबलचक वादन. त्यातली मंकची सावली नक्की कुठून सुरू होते, यावर माझं आणि माझ्या गाइडचं अजून जमलेलं नाही.