गिटइग्नोर म्हणजे काय? कोणत्या फाइल्स गिटमध्ये टाकू नयेत?

गिट कोडमधले बदल जपून ठेवतं, पण प्रोजेक्टमधली प्रत्येक फाइल जपण्यासारखी नसते. अँड्रॉइड अ‍ॅपचं ‘बिल्ड’ फोल्डर कोडवरून केव्हाही पुन्हा तयार होतं. ‘लोकल डॉट प्रॉपर्टीज’ फाइलमध्ये तुमच्या कॉम्प्युटरवरचा एसडीकेचा पत्ता असतो. तो मित्राच्या कॉम्प्युटरवर चालेलच असं नाही. ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये तर बऱ्याचदा पासवर्ड आणि एपीआय की असतात.

अशा फाइल्स बाहेर ठेवण्यासाठी प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘डॉट गिटइग्नोर’ फाइल बनवा आणि एका ओळीत एक याप्रमाणे त्यांची नावं लिहा. ही फाइल मात्र कमिट करा, म्हणजे टीममधल्या सगळ्यांना तेच नियम लागू होतील.

लक्षात ठेवा, आधीच कमिट झालेल्या फाइलवर याचा काही परिणाम होत नाही. त्यासाठी ‘गिट आरएम --कॅश्ड’ ही कमांड फाइलच्या नावासह द्या आणि पुन्हा कमिट करा. फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर तशीच राहते, फक्त गिट तिच्यावर लक्ष ठेवत नाही.

तरीही जुन्या कमिट्समध्ये ती सापडतेच! त्यामुळे एपीआय की चुकून पुश झाली असेल, तर आधी ती रद्द करून नवीन घ्या. फाइल काढायचं काम त्यानंतर.